चॅम्पियन्स लीग खेळणारी व्हियारेआल त्याच सीझनला खाली कशी गेली?

प्रश्न असा आहे की 2010-11 ला ला लीगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या फुटबॉल डिव्हिजनमध्ये, चौथी आलेली व्हियारेआल पुढच्याच सीझनला, म्हणजे 2011-12 ला, चॅम्पियन्स लीग खेळत असताना सेकंड डिव्हिजनला कशी काय गेली, स्ट्रायकर रॉसीचा गुडघा गेला म्हणून की तीन कोच झाले म्हणून. मी वीसेक वर्षं कोल्हापुरात कोचिंग करतोय, पोरं आणि सीनियर दोन्ही, आणि तो सीझन मी रात्री जागून जवळजवळ सगळा बघितलाय. गार्रिदो हा त्यांचा तेव्हाचा कोच, त्याच्या टीमच्या क्लिप मी आमच्या पोरांना दाखवायचो, शॉर्ट पासिंग म्हणजे काय ते कळावं म्हणून. त्यामुळं ही टीम माझ्या फार जवळची आहे, आणि तिच्याबद्दल "रॉसी पडला आणि टीम पडली" एवढंच कुणी म्हटलं की मला राहवत नाही. रॉसीचा मुद्दा खोटा नाही, पण गोष्ट त्याच्या आधी सुरू होते.

आधी गाव समजून घ्या. व्हियारेआल म्हणजे कास्तेयोन प्रांतातलं पन्नासेक हजार वस्तीचं गाव, संत्र्याच्या बागा आणि टाइल्सचे कारखाने. मालक फर्नांदो रोइग, पामेसा या टाइल कंपनीचा माणूस, त्यानं 1997 मध्ये क्लब घेतला. त्यांच्या एल माद्रिगाल स्टेडियममध्ये गावातली निम्मी माणसं बसतील एवढी जागा. असला क्लब 2006 ला चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला गेला, आर्सेनलविरुद्ध रिकेल्मेची पेनल्टी लेमाननं अडवली ती मॅच, आणि 2007-08 ला बार्सिलोनाच्या वर राहून दुसरा आला. पण 2008 नंतर स्पेनमध्ये घरबांधणी कोसळली, घरं बांधायची थांबली की टाइल्स कोण घेणार, सगळ्या कास्तेयोनला ते लागलं. त्यात तेव्हा टीव्हीचे हक्क प्रत्येक क्लब आपापले विकायचा (एकत्र विक्रीचा कायदा 2015 ला आला), त्यामुळं मोठा वाटा माद्रिद आणि बार्सिलोनाच घेऊन जायचे. म्हणजे चौथं येऊनही दर उन्हाळ्यात कुणाला तरी विकल्याशिवाय हिशोब जुळत नव्हता.

2011 च्या उन्हाळ्यात त्यांनी सांती काझोर्ला विकला. गिऱ्हाईक होतं मालागा, तिथं नुकताच कतारचा पैसा आला होता, आणि किंमत वीसेक मिलियन युरो. त्याच उन्हाळ्यात लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) जोआन कापदेविलाही गेला, बेन्फिकाला. कापदेविला म्हणजे 2010 च्या वर्ल्ड कप फायनलला स्पेनकडून खेळलेला माणूस. आपल्यातल्या काहींनी त्याला बघितलाही असेल, 2014 ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) पहिल्या सीझनला तो नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळला.

आता बहुतेक लोक इथं म्हणतात की दोन चांगले प्लेअर गेले, ठीक आहे, बदल्यात घेतले की. घेतले होतेच. उदिनेझेकडून सापाता आला, मायोर्काकडून दे गुझमान, ओसासुनाकडून कामुन्यास, यातला एकही टाकाऊ नाही. पण कोच म्हणून मी वेगळं बघतो. गार्रिदोची टीम 4-2-2-2 खेळायची. मध्ये ब्रुनो सोरियानो आणि बोर्खा वालेरो, त्यांच्या पुढं काझोर्ला आणि कानी, आणि वर रॉसी-निल्मार. काझोर्ला आणि कानी कागदावर बाहेरचे मिडफिल्डर, पण दोघंही मैदानाच्या कडेच्या लाइनला चिकटून राहणारे नव्हते, बॉल मिळाला की आत यायचे. आत आले की मध्ये चार माणसं होतात, समोरच्याची दोन, त्यामुळं बॉल कायम यांच्याकडं. पण मग लाइनवर कोण? लाइनवर फुल बॅक, म्हणजे दोन्ही कडांचे बचावपटू. म्हणजे या सिस्टीममध्ये रुंदी द्यायचं काम जवळजवळ पूर्ण फुल बॅकवर, आणि त्यात कापदेविला मुरलेला. कधी वर जायचं आणि कधी नाही हे त्याला न बघता कळायचं.

तेव्हा एका उन्हाळ्यात आत येणारा सगळ्यात हुशार माणूसही गेला आणि तो आत आला की मोकळी पडणारी लाइन वापरणाराही गेला. ते दोघं मिळून एक यंत्र होतं. एक गेला असता तर दुसऱ्यानं नव्याला सांभाळून घेतलं असतं, दोन्ही गेल्यावर सांभाळणारंच कुणी उरलं नाही. लेफ्ट बॅकला मग ओरिओल आणि काताला ही पोरं आलटून पालटून खेळली. पोरं गुणी होती, पण तयार नव्हती, आणि त्यांना तयार करायला वेळ कुठून आणणार ते आता सांगतो.

वेळेचा हिशोब बाहेरून कधीच दिसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आठवड्याला एकच मॅच असेल, समजा रविवारी, तर सोमवारी रिकव्हरी, मंगळवारी सुट्टी किंवा हलकं, बुधवार आणि गुरुवार हे खरे कामाचे दिवस, शुक्रवारी सेट पीस (कॉर्नर, फ्री किक), शनिवारी हलकं. बॅक लाइन कशी सरकायची, विंगर आत आला की मागची जागा कोण भरणार, हे सगळं त्या बुधवार-गुरुवारीच शिकवलं जातं, दुसऱ्या दिवशी करता येत नाही कारण पाय थकलेले असतात नाहीतर मॅच जवळ आलेली असते. आता बुधवारी चॅम्पियन्स लीग आली की तेच दोन दिवस गेले, एक मॅचमध्ये आणि एक प्रवासात. मग महिनामहिना टीम फक्त खेळते आणि झोपते, शिकत काहीच नाही. जुनी, मुरलेली टीम असेल तर चालतं, आधीच्या वर्षी युरोपा लीगच्या सेमीफायनलपर्यंत हीच टीम गेली होती आणि लीगातही 62 पॉइंट केले होते, कारण तेव्हा शिकवायचं काही उरलं नव्हतं. नवी डावी बाजू घेऊन ते जमत नाही.

त्यात चॅम्पियन्स लीगचा ग्रुप बघा, बायर्न, नापोली आणि मँचेस्टर सिटी. आधी क्वालिफायर होता ओडेन्सेशी, तिकडं 1-0 हरले, घरी 3-0 जिंकले, म्हणजे ऑगस्टमध्येच जीव टांगणीला. मग लीगची पहिलीच मॅच बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर, 5-0 हरले. ग्रुपमध्ये सहाच्या सहा मॅच हरले, दोन गोल केले, चौदा खाल्ले. त्यातली सिटीविरुद्धची मॅच माझ्या डोक्यातून जात नाही. कानीनं सुरुवातीलाच गोल मारला, हाफ टाइमच्या आधी मार्चेनाचा सेल्फ गोल झाला, 1-1, आणि 93 व्या मिनिटाला अग्वेरो. त्या दिवशी मला वाटलं की नशीब फुटकं, बाकी काही नाही. पुढं सीझनभर हेच दिसत गेलं तेव्हा कळलं की हे नशीब नाही.

ती मॅच झाल्यावर आठ दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, रेआल माद्रिदच्या बेर्नाबेऊवर ज्युसेप्पे रॉसीचा गुडघा गेला. क्रूसिएट लिगामेंट. आधीच्या सीझनला या माणसानं सगळ्या स्पर्धा धरून 32 गोल मारले होते. एप्रिलमध्ये परत येण्याच्या बेतात असताना ट्रेनिंगमध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. निल्मारही दुखापतींनी आत-बाहेर. लीगातले गोल 54 वरून 39 वर आले, आता यात रॉसीचा वाटा मोठा आहेच, नाही कोण म्हणतो. पण असं बघा, रॉसी असतानाही टीम युरोपात हरत होती, कॅम्प नोऊवरच्या 5-0 लाही तो होताच. मिडफिल्डमधून बॉल यायचा कमी झाला होता आणि रॉसी तेवढ्यातही गोल काढत होता म्हणून आजार झाकला गेला होता. तो पडला आणि आजार उघडा पडला, एवढंच.

डिसेंबरात नाताळच्या तोंडावर कोपा देल रेला (स्पेनचा कप) मिरांदेसनं घरात येऊन 2-0 हरवलं. मिरांदेस तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनची टीम, त्यांचा हिरो पाब्लो इन्फांते बँकेत नोकरी करायचा. (ती टीम पुढं सेमीफायनलपर्यंत गेली, इन्फांते त्या कोपाचा टॉप स्कोरर झाला, म्हणजे एकट्या व्हियारेआलनंच मान खाली घातली असं नाही.) गार्रिदोला त्याच रात्रीनंतर काढलं. माझं स्पष्ट मत, काढायला नको होतं. तो बी टीममधून वर आलेला, त्याला ही पद्धत आणि ही पोरं दोन्ही माहीत होती, आणि नाताळानंतर युरोप संपला होता, म्हणजे पहिल्यांदाच त्याला ते बुधवार-गुरुवार मिळणार होते. नेमके ते मिळायच्या वेळी माणूस गेला.

त्याच्या जागी बी टीमचा कोच होसे फ्रान्सिस्को मोलिना आणला. हे नाव आपल्याला चांगलं माहितीय. 2016 ला कोलकात्याला आयएसएल जिंकून देणारा तोच, आणि 2024-25 ला मोहन बागानला शील्ड आणि कप दोन्ही देणाराही तोच. म्हणजे माणूस कच्चा नव्हता. पण कोच म्हणून वरच्या डिव्हिजनचा अनुभव शून्य, हातात घाबरलेली टीम, आणि तीन महिन्यांत, मार्चमध्ये लेवांतेकडून हरल्यावर त्यालाही काढलं. मग आला मिगेल आंखेल लोतिना, जो आधीच्याच वर्षी देपोर्तीवोबरोबर खाली गेला होता, तेही 43 पॉइंट करून.

लोतिनाला लोक फार शिव्या घालतात, मी घालणार नाही. मोठ्या दुखण्याला हातात मलम दिलं तर डॉक्टर काय करणार. पण त्याची पहिली मॅच मला फार महत्त्वाची वाटते. समोर रेआल माद्रिद, जे त्या वर्षी 100 पॉइंट करून चॅम्पियन झाले. व्हियारेआल मागं बसली, रोनाल्दोनं गोल मारला, आणि 83 व्या मिनिटाला मार्कोस सेन्नाची फ्री किक आत, 1-1. माद्रिदवाले इतके भडकले की रेड कार्ड निघाली, त्यांच्या कोचला, मोरिन्योलाही बाहेर काढलं. गावानं जल्लोष केला. आणि मला वाटतं तिथंच टीमच्या मनात बसलं की मागं बसलं की पॉइंट मिळतो.

हे मी अंदाजानं म्हणत नाही, स्वतःच्या टीमवर बघितलंय. आमच्याकडं एका सीझनला एका सीनियर टीमचा मी कोच होतो, वरच्या टीमशी मागं बसून ड्रॉ काढला, शाहू स्टेडियमवर पोरांना खांद्यावर घेतलं लोकांनी, आणि पुढच्या पाच मॅच ती टीम कुणाशीही, अगदी तळाच्या टीमशीही, साठाव्या मिनिटाला आपोआप मागं सरकायला लागली. मी बाहेरून ओरडून घसा बसवला, काही उपयोग नाही. पोरांना कोचपेक्षा गेल्या मॅचची आठवण जास्त पटते.

मागं सरकल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो. बॅक लाइन दहा मीटर खाली आली की मिडफिल्डही खाली येतं, वरचा स्ट्रायकर एकटा पडतो. आता बचावातनं लांब मारलेला बॉल त्याच्याकडं टिकत नाही, त्याच्या आसपास आपलं कुणीच नसतं, म्हणून दुसरा बॉल समोरच्याचा. समोरचा लगेच परत येतो. कॉर्नर वाढतात, बॉक्सच्या बाहेरचे फाउल वाढतात, आणि प्रत्येक क्लिअरन्सनंतर टीमला फक्त वीस सेकंद श्वास मिळतो. ऐंशीव्या मिनिटानंतर पाय जातात आणि पायांच्या आधी लक्ष जातं, कुणाला तरी धरायचं राहून जातं. ही टीम बॉल ठेवून विश्रांती घेणारी टीम होती, तिची दमसासाची ट्रेनिंगही तशीच झालेली. बॉलशिवाय नव्वद मिनिटं धावायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या सीझनला त्यांचे 14 ड्रॉ झाले आणि फक्त 9 विजय. त्या चौदातले दोन जरी जिंकले असते तर मी आज हे लिहीत नसतो.

मधे लोतिनाच्या हाताखाली त्यांनी काही मॅच जिंकल्याही, सुटले असंच वाटायला लागलं होतं. सदतिसाव्या मॅचला शेजारच्या व्हालेन्सियाकडं गेले. 0-0 चाललेलं, आणि इंजुरी टाइमला जोनासनं गोल मारला. 1-0.

शेवटची मॅच 13 मे 2012, घरी, अटलेटिको माद्रिदशी. एक पॉइंट पुरेसा होता. अटलेटिको चारच दिवसांपूर्वी बुखारेस्टला युरोपा लीग जिंकून आलेली, त्या फायनलला त्यांच्या फाल्कावचे दोन गोल, पण लीगात त्यांनाही चौथ्या जागेची आशा होती म्हणून त्यांच्या कोचनं, सिमेओनेनं, हात आखडला नाही. तिकडं रायोच्या वायेकास मैदानावर रायो आणि ग्रानादा खेळत होते. तिथं ड्रॉ झाला असता तर व्हियारेआल हरूनही वाचत होती. म्हणजे दोन्ही ठिकाणी 0-0 चाललेलं आणि स्टेडियममध्ये लोक रेडिओ कानाला लावून बसलेले. 88 व्या मिनिटाला फाल्काव. तरीही अजून वाचलेली. आणि मग इंजुरी टाइममध्ये रायोच्या राउल तामुदोनं गोल मारला, हाच तो तामुदो ज्यानं 2007 ला एस्पान्योलकडून शेवटच्या मिनिटांत गोल मारून बार्सिलोनाचं टायटल घालवलं होतं. रायो 43, सारागोसा तळातून वर येऊन 43, ग्रानादा 42, व्हियारेआल 41. मी त्या रात्री टीव्ही बंद करून नुसता बसलो होतो. सेन्ना, पस्तिशीचा माणूस, युरो 2008 जिंकलेला, तो ज्या चेहऱ्यानं मैदानावर उभा होता तो अजून आठवतो.

शेवटच्या दोन मॅच, दोन्ही 1-0, दोन्ही गोल अगदी शेवटी. यातला एक जरी अडवला असता तरी टीम राहिली असती. त्या दोन मिनिटांत ना रॉसी काही करू शकत होता ना चौथा कोच. तिथं बॉल पायाखाली धरून, दोन माणसांना अंगावर घेऊन, एक फाउल मिळवून दोन मिनिटं खाणारा माणूस पाहिजे होता, आणि तो माणूस तेव्हा मालागात होता. त्याच्या मालागानं त्या वर्षी कुठली जागा घेतली माहितीय? चौथी.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्यांची बी टीम सेकंड डिव्हिजनला टेबलच्या मध्यावर आरामात टिकली होती, पण एकाच क्लबच्या दोन टीम एका डिव्हिजनला चालत नाहीत म्हणून त्या पोरांनाही एक पायरी खाली जावं लागलं. त्यांची काही चूक नसताना. मला सगळ्यात जास्त वाईट त्यांचं वाटलं, कारण अकॅडमीच्या पोरासाठी एक डिव्हिजन म्हणजे कधीकधी अख्खं करिअर असतं. आणि जूनमध्ये नवा कोच म्हणून मानोलो प्रेसियादोला नेमलं, तो माणूस लोकांसमोर यायच्या आधीच हार्ट अटॅकनं गेला, 54 व्या वर्षी. रॉसी पुढच्या जानेवारीत फिओरेंतिनाला गेला, बोर्खा वालेरो आणि गोन्झालो रॉड्रिगेझ त्याच्या आधीच तिकडं गेले होते. पण ब्रुनो राहिला, कानी राहिला, सेन्ना राहिला आणि सेकंड डिव्हिजनला खेळला. जानेवारी 2013 ला मार्सेलिनो आला, ते दुसरे येऊन वर गेले, आणि वर आल्यावर पहिल्याच वर्षी सहावे.

कुणी विचारेल की मग क्लब यातून काही शिकला का. 2018-19 बघा. पुन्हा तसंच, युरोपा लीग आणि लीग दोन्ही, पुन्हा तळाशी, पुन्हा शेवटच्या मिनिटांचे गोल. बार्सिलोनाविरुद्ध 4-2 पुढं असताना 90 व्या मिनिटाला मेसीची फ्री किक आणि मग सुआरेझ, 4-4. डिसेंबरात कोच कायेखाला काढलं, पण दुसरा चालेना म्हटल्यावर दीडेक महिन्यात त्यालाच परत बोलावलं. चूक झाली हे मान्य करायला क्लबला हिंमत लागते, गार्रिदोच्या वेळी ती झाली नव्हती. आणि त्या टीममध्ये काझोर्ला होता. जवळजवळ दोन वर्षं घोट्याच्या दुखण्यानं बाहेर राहिलेला, पुन्हा चालता येईल की नाही असं डॉक्टर म्हणत होते तो काझोर्ला, 2018 च्या उन्हाळ्यात आपल्या जुन्या क्लबला परत आलेला. जानेवारीत घरच्या मैदानावर रेआल माद्रिद 2-1 पुढं होतं, आठेक मिनिटं राहिली होती, आणि त्या साडेपाच फुटी माणसानं बॉक्समध्ये घुसून हेडर मारला. दोन्ही गोल त्याचेच, 2-2. ते वर्ष चौदाव्या जागेवर संपलं, 44 पॉइंट.